महाडमध्ये भाड्याचे घर आणि सहा वर्षांच्या मुलीचा 'जय भीम'

महाडला आपण सगळेच जातो. २० मार्चला जातो, २५ डिसेंबरला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडाला लावतो, क्रांतिस्तंभासमोर नतमस्तक होतो, स्टॉलवरची चार पुस्तके घेतो आणि रात्रीच्या गाडीने परत फिरतो. बहुतेकांचे महाडशी नाते हे असे एका दिवसाचे. पण त्याच महाडमध्ये दोन लहान लेकरांना घेऊन राहायला जायची वेळ आली तर? तळ्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर भाड्याच्या दोन खोल्या हव्या असतील तर? मग महाड वेगळे दिसू लागते. ते कसे दिसते, हे मी तीन दिवस पायी हिंडून पाहिले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या बहिणीच्या मुलाला महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. मूळ गाव पोलादपूर तालुक्यात डोंगरावर. जन्म, शिक्षण, लग्न सगळे कल्याणला. बायको नर्सिंग झालेली. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत जाणारी. मुलगा तीन वर्षांचा. नातेवाइकांना धक्काच बसला. महाड-पोलादपूरचा आपला माणूस पिढ्यानपिढ्या पलटणीत, गोदीत, गिरणीत, रेल्वेत पोट भरायला बाहेर गेला. शिकलेला मुलगा उलटा कोकणात येतो म्हणजे काय? पण नोकरी चांगली होती आणि कल्याणचे भाडे त्याहून चांगले होते!

बहिणीचे म्हणणे, "गावचे घर आहे की. तिथेच राहा." बोलायला सोपे आहे. कोकणातले गाव म्हणजे वाड्यांचा गुच्छ. मराठ्यांची वाडी, कुणब्यांची वाडी, गवळ्यांची वाडी, सुतारांची वाडी आणि बहुधा टोकाला आपली बौद्धवाडी. धम्मदीक्षेनंतर तिचे नाव बदलले, जागा बदलली नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे काढून समता नगर, भीम नगर, ज्योती नगर, क्रांती नगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शाळेच्या अर्जावर 'भीम नगर' हा पत्ता वाचून कोणाला काय कळायचे राहते? खेड्यात मुलाचा पत्ता हीच त्याची जात असते. आणि डोंगर? २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडींनी घरे गाडली. तेव्हापासून जुलै महिन्यात डोंगराखाली कोणालाही शांत झोप लागत नाही. गावच्या शाळेत बोटांवर मोजण्याइतकी मुले. एस.टी. कधी येईल, कधी नाही.

पोलादपूरच्या बाजारपेठेतही जागा पाहिली. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाने त्या गावाचे दोन काठ करून टाकले आहेत. घर एका काठाला आणि शाळा दुसऱ्या काठाला. सहा वर्षांच्या पोरीला तिथे एकटीला कोण सोडणार? पोलादपूर तेवढ्यावर संपले.

मग महाड. कारखान्याला जवळ म्हणून बिरवाडीकडे काहींनी सुचवले. भाचा स्वतः रसायनशास्त्र शिकलेला, तो म्हणाला, "मामा, दिवसाचे आठ तास मी तो वास घेणारच आहे, पोरांना रात्रीचा कशाला?" नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका औषध कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगार मेले, ते तो विसरलेला नव्हता. म्हणून शहरच धरले.

पहिल्या दिवशी सात घरे पाहिली. आमच्या भाच्याचे आडनाव मराठ्यांत आहे, कुणब्यांत आहे आणि आपल्यातही आहे. कोकणात अशी आडनावे पुष्कळ. त्यामुळे इथला घरमालक आडनाव विचारून थांबत नाही. तो विचारतो, "कुठले?" तालुका सांगितला की, "गाव कोणते?" गाव सांगितले की, "वाडी कोणती?" वाडी सांगायला माणूस घुटमळला की, "कुलदैवत कोणते तुमचे?" इतके होईपर्यंत चहा आलेला असतो, तो पिऊन होतो आणि मग घरमालकाला आठवते की जागा तर कालच दिली, मुलगा सांगायला विसरला! कोणी जातीचे नाव उच्चारत नाही, कोणी वाकडे बोलत नाही. पूर्वी विटाळ होत असे, आता जागा 'दिलेली' असते.

एका ठिकाणी "आम्हाला शाकाहारी कुटुंब हवे" असे ऐकवण्यात आले. ज्या गावात सुकट गल्ली नावाची गल्ली आहे, जिथे पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी सोडे आणि बोंबील भरून ठेवतात, तिथे शाकाहारी भाडेकरू! त्या जिन्यात तळलेल्या बांगड्याचा वास सुटला होता, म्हणून भाचा हसला. मला हसू आले नाही.

संध्याकाळी तळ्याच्या काठावर येऊन बसलो. हे तळे काय होते, याचा आपण पुन्हा एकदा विचार करावा. मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. त्यानुसार महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आपल्या बाजूचे होते. म्हणजे कागदावर सगळे झाले होते! तरी तीन वर्षे कोणी तळ्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ ला परमपूज्य बाबासाहेबांनी पाणी प्यायले, तेव्हा लाठ्याकाठ्या निघाल्या आणि पुढे त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सवर्णांनी कोर्टात जाऊन काय सांगितले? तळे सार्वजनिक नाही, ते आमच्या खाजगी मालकीचे आहे, त्याभोवती आमची घरे आहेत. हा वस्तीचा दावा होता. जिथे आम्ही राहतो तिथला रस्ता आमचा, पाणी आमचे, हवा आमची. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी तो दावा अखेरीस फेटाळला. पण सात घरांच्या सात जिन्यांत मला तोच दावा ऐकू आला. तळे मोकळे झाले, भोवतालच्या खोल्या अजून व्हायच्या आहेत.

कोणी म्हणेल, कायदा आहे ना? आहे. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. परंतु १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा म्हटला आहे. आपल्या किती सुशिक्षितांना हे माहीत आहे? अर्थात माहीत असून तरी काय? "जागा कालच दिली" या वाक्याविरुद्ध पुरावा कुठून आणायचा? दुसरीकडे २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. त्याचा आधार घेऊन उद्या कोण काय करील सांगता येत नाही. आणि हे फक्त महाडचे दुखणे नाही. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत घरमालकांना फोन करून, प्रत्यक्ष भेटून २०१२ मध्ये पाहणी केली. ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. नोकरी तीच, पगार तोच, फक्त नाव दलिताचे किंवा मुसलमानाचे असले की दार बंद होते किंवा भाडे वाढते, हे त्यात दिसून आले. राजधानीत हे, तर महाडचे काय घेऊन बसलात!

दुसऱ्या दिवशी एजंट गाठला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "भाऊ, आडनाव तेच सांगा, पण गाव कल्याण सांगा. फोटो आतल्या खोलीत लावा. सहा महिने झाले की कोण विचारतंय?" त्याप्रमाणे एका सोसायटीत गेलो. लिफ्ट, वॉचमन, खाली मुलांना धावायला फरशीची मोकळी जागा, शाळा जवळ. मालकीणबाई दारात आल्या आणि आमच्या पोरीने दोन्ही हात जोडून 'जय भीम' केला. तिला लहानपणापासून तसेच शिकवले आहे; मोठे माणूस दिसले की जय भीम. पाण्याचा पंप चालू होता, बाईंना ऐकू गेले नाही. पण भाचेसुनेने पोरीचे हात खाली ओढले आणि हळूच म्हणाली, "नमस्कार म्हण, बाळा."

जिना उतरताना पोरीने माझे बोट धरले आणि विचारले, "आजोबा, जय भीम चुकीचं असतं का?"

चळवळीत माझी पस्तीस वर्षे गेली. मोर्चे काढले, भाषणे केली, नामांतराच्या काळात मार खाल्ला. या प्रश्नाला मला पटकन उत्तर देता आले नाही.

रात्री लॉजवर बोलणी झाली. बाईंचा होकार आला होता. भाचा म्हणाला, "मामा, खोटं कुठे बोललो? कागदावर नाव खरंच जाईल. त्यांनी विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. पोरांना खेळायला जागा आहे तिथे." त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. जे लोक शहरात असे राहतात त्यांना भित्रे म्हणणे सोपे असते, विशेषतः ज्यांचे स्वतःचे घर झाले आहे त्यांना. बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा परदेशातून शिकून आलेल्या त्या विद्वानाला हॉटेलात थारा मिळाला नाही. पारशांच्या धर्मशाळेत नोंदवहीत पारशी नाव घालून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिन्यावर आले. सामान घेऊन बाहेर पडल्यावर एक हिंदू मित्र आणि एक ख्रिश्चन मित्र, दोघांनीही टाळले. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि नाव बदलल्याचेही लपवलेले नाही. पुढे हेच बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीतून राहायला कुठे गेले? दादरच्या हिंदू कॉलनीत. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ग्रंथांसह, 'राजगृह' बांधून.

भाचेसून तोपर्यंत गप्प होती. ती एवढेच म्हणाली, "आणि चौदा एप्रिलला काय करायचं? पोरीला घरात कोंडून ठेवायचं?" ती जागा तिथेच सुटली.

उरला आपल्या वस्तीचा पर्याय. तिथे कोणी 'कुठले?' विचारणार नव्हते. शेजारी आजारपणात धावले असते, विहारात मुले बसली असती. पहिल्यांदा गावात येणाऱ्या कुटुंबाला याचा किती आधार असतो, हे मी कमी लेखणार नाही. पण जी जागा मिळत होती ती सखल भागात, शाळा दूर आणि वाटेत अवजड वाहनांचा रस्ता. आणि भाच्याच्या मनात आणखी एक होते. मी गाव सोडून आलो ते मुलांनी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जावे म्हणून नाही, असे तो म्हणाला. यावर आमचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. माझ्या मते आपली वस्ती ही आपली ताकद आहे. तिथूनच सभा उठतात, तिथूनच मुले शिकतात. तो म्हणतो, ताकद मोठ्यांची, पण लहान मुलाला लहानपणीच सर्व प्रकारची मुले भेटली पाहिजेत. त्याने मला अमेरिकेतले एक उदाहरण सांगितले. तिथे १९९४ पासून काही वर्षे पाच शहरांतल्या गरीब वस्तीतील कुटुंबांना चिठ्ठ्या टाकून कमी गरीब वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत देण्यात आली. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी पुढे त्या मुलांचा माग काढला, तेव्हा तेरा वर्षांच्या आत ज्यांनी वस्ती बदलली त्यांची मोठेपणीची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेरानंतर गेलेल्यांना तसा फायदा दिसला नाही. ती पाहणी गरिबीची आहे, जातीची नाही, हे मी त्याला सांगितलेच. पण लेकरू लहान असतानाच वस्तीचा परिणाम सर्वांत खोल होतो, एवढे मला मान्य करावे लागले.

तिसऱ्या दिवशी एजंट सोडून दिला आणि सकाळी सात वाजता पोरीला घेऊन निघालो. घर शोधायची खरी वेळ हीच. शाळेला जाणारी मुले कोणत्या गल्लीतून पायी जातात, एकटी जातात की आईचे बोट धरून, हे तेव्हाच दिसते. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे म्हटले आहे. एक किलोमीटर नकाशावर सगळीकडे सारखाच असतो, पण मध्ये गटार उघडे असेल, ट्रक वळत असतील, तर सहा वर्षांच्या पायांना तो पाच होतो. पायी जाणाऱ्या मुलाला किराणावाला ओळखतो, पिठाच्या गिरणीवाला ओळखतो, उशीर झाला तर कोणी तरी विचारतो. रिक्षात कोंबून नेलेल्या मुलाला गल्ली ओळखत नाही. आम्ही संध्याकाळी पाचला पुन्हा त्याच गल्ल्यांतून फिरलो. कोण कोणाशी खेळते, हाक कशी मारतात, बाद झालेल्या पोराला कोणत्या शब्दांत चिडवतात, हे ऐकले. अर्धा तास ऐकले की वस्ती कळते. घरमालकाशी बोलून कळत नाही.

महाडात आणखी दोन गोष्टी पाहाव्याच लागतात, मग तुम्ही कोणत्याही जातीचे असा. सावित्री आणि गांधारी. २००५ ला आणि २०२१ ला या नद्यांनी बाजारपेठ बुडवली. पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर हात ठेवून दाखवा, असे प्रत्येकाला विचारावे. जो दाखवतो तो शेजारी चांगला, जो "इथे नाही हो येत" म्हणतो त्याच्या भिंतीचा रंग नीट पाहावा. दुसरी गोष्ट इमारतीची. २४ ऑगस्ट २०२० ला काजळपुऱ्यातली पाच मजली तारिक गार्डन कोसळली. १६ जण मेले. ती काही पडीक, जुनाट चाळ नव्हती, दहा वर्षेही न झालेली इमारत होती. चार वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्यातून अनेक तासांनी जिवंत निघाला, ते चित्र वाचकांना आठवत असेल. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र मागायला लाजू नये. आपण जात लपवायची की नाही याची चिंता करीत बसतो आणि घरमालक काय लपवतो ते विचारतच नाही.

जागा मिळाली ती एका जुन्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खाली कुंभाराचे घर, समोर शिंपी, पलीकडे दोन आपली घरे, मागे मुसलमानांची पाच-सात. मालक कोकणी मुसलमान, मुलगा आखातात. १९२७ च्या मार्चमध्ये मार खाणाऱ्या आपल्या माणसांना महाडच्या मुसलमानांनी घरात घेतले होते आणि डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली होती, हे मला आठवले. पण उगाच गहिवरून जायचे कारण नाही. त्यालाही भाडेकरू हवा होता, आणि डिपॉझिटचा एक रुपया त्याने कमी केला नाही. त्याने गाव विचारले. भाच्याने गाव सांगितले, वाडी न विचारता सांगितली. तो म्हणाला, "पुराचं पाणी या पायरीपर्यंत आलं होतं," आणि जिन्याची पायरी दाखवली. मग विचारले, "पोरं रात्री रडतात का? माझ्या बायकोला झोप लागत नाही."

परत येताना एक गोष्ट मनात सलत होती, ती लिहिलीच पाहिजे. शोधाशोधीत आपल्याच समाजातील एका सद्गृहस्थांकडे गेलो होतो. नोकरीतून निवृत्त, दोन मजली घर, दर्शनी भिंतीवर बुद्धमूर्ती. वरची जागा रिकामी होती, पण आम्हाला लहान पडली. गप्पांत त्यांनी अभिमानाने सांगितले की, याआधी एक कातकरी जोडपे विचारायला आले होते, बाई रुग्णालयात कामाला होती, पण "म्हटलं, नको. पुन्हा त्यांचे पाव्हणे येणार, वागणं कसं असतं माहीत नाही." हेच शब्द! रायगड जिल्ह्यात कातकरी माणसाला गावठाणातही हक्काची जागा मिळणे मुश्कील असते. आपल्या किती घरमालकांनी कातकऱ्याला, मातंगाला, मुसलमानाला जागा दिली आहे? मी त्यांना तिथे काही बोललो नाही. चहा पिऊन उठलो. ही माझीही चूक.

भाच्याने जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवले. मुलगी पायी शाळेत जाते, नऊ-दहा मिनिटे लागतात. कुंभाराची नात तिच्याच वर्गात आहे, दोघी बरोबर जातात. बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो दर्शनी खोलीत लावला. भिंतीला ओल असल्याने खिळा दोनदा निघून आला, शेवटी मालकाने सुतार पाठवला. पोरगी शेजारच्या म्हातारीला जय भीम करते. म्हातारी "हां हां, जेवलीस का?" म्हणते. समोरची एक बाई अजून बोलत नाही. करार अकरा महिन्यांचा आहे, मे महिन्यात पुन्हा बोलणी होतील.